क्लीन, डिस्टॉर्शन आणि वाजवणाऱ्याचा हात

डिस्टॉर्शन लावले की कुणीही वाजवतो, खरा हात क्लीनवर कळतो, असे एक मत गिटारवाल्यांत पक्के रुजलेले आहे. उलट बोलणारेही आहेत: क्लीनवर चार कॉर्ड कुणालाही जमतात, हाय गेनवर सहाही तारा ताब्यात ठेवून दाखव, मग बोलू. तळेगाव दाभाड्याला लागून असलेल्या वराळ्यासारख्या गावात हा वाद आता परका राहिलेला नाही. इंजिनिअरिंगची कॉलेजे आली, आंबी-नवलाख उंब्र्याच्या बाजूला एमआयडीसी वसली, तशा गावात भाड्याच्या खोल्या वाढल्या आणि बाहेरगावची मुले त्यांत राहू लागली. एखाद्या दहा बाय दहाच्या खोलीत गिटार, छोटा अँप किंवा नुसता मोबाइल आणि हेडफोन, एवढ्यावर सगळे शिक्षण चालते. शेजारच्या खोलीत कुणाची तरी सेमिस्टरची परीक्षा असतेच, त्यामुळे मोठ्याने वाजवायची सोय नाही. जे काही शिकायचे ते कानातल्या आवाजावर.

दोन्ही मते थोडी थोडी खरी आहेत असे म्हणून हा वाद मिटवता येईल, पण ती पळवाट झाली. यातला बराच भाग मोजता येतो. माझे म्हणणे असे आहे की, डिस्टॉर्शन एका जातीच्या चुका पोटात घालते आणि दुसऱ्या जातीच्या चुका चव्हाट्यावर मांडते. क्लीन आवाज नेमके उलट करतो. कोणत्या आवाजात कोणती चूक लपते आणि कोणती उघडी पडते हे ठरले, की 'जास्त अवघड काय' हा प्रश्न तसाच्या तसा विचारावासा वाटत नाही.

आवाज कुठे मोडतो

इलेक्ट्रिक गिटारच्या तारेखाली पिकअप असतो: चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. लोखंडी जातीची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत विजेचा दाब तयार होतो. हा दाब फार तर काही शे मिलिव्होल्ट. तो अँप वाढवतो; ही वाढ म्हणजे गेन. वाढवण्याला मर्यादा असते, कारण कोणताही व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर त्याला मिळणाऱ्या पुरवठ्यापेक्षा उंच लाट बाहेर देऊ शकत नाही. लाट मर्यादेच्या आत राहिली तर आकार तोच राहतो आणि फक्त उंची वाढते. हा क्लीन आवाज. लाट मर्यादेवर आदळली की तिचे माथे छाटले जातात. छाटणी सौम्य असेल तर ओव्हरड्राइव्ह, सपाट आणि कठोर असेल तर डिस्टॉर्शन, लाट जवळजवळ चौकोनी होईपर्यंत छाटली तर फझ. ही नावे दुकानदारांनी आणि पेडल बनवणाऱ्यांनी सैल वापरली आहेत. त्यांच्यामधली रेषा कुणी खडूने आखलेली नाही.

माथे छाटले की लाटेत नवे स्वरांश निर्माण होतात. वरचे आणि खालचे माथे सारखेच छाटले तर मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम पटीचे. एका बाजूचे जास्त छाटले तर दुप्पट, चौपट असे समही. मूळ तारेत हे स्वरांश असतात, पण वरचे क्षीण असतात आणि लवकर विझतात. छाटणीने ते पुन्हा बळकट होतात. एक मजेशीर परिणाम असा की गंजक्या, मेलेल्या तारा डिस्टॉर्शनमध्ये बऱ्याच खपून जातात. मावळातल्या पावसाळ्यात स्टीलच्या तारांची काय अवस्था होते हे लोणावळ्याच्या बाजूला गिटार बाळगणाऱ्याला सांगायला नको. आषाढात क्लीन आवाज मठ्ठ वाटू लागतो आणि मुले गेनची कळ थोडी पुढे सरकवतात. आवड बदलल्याने गेन वाढला असे त्यांना वाटते. पुष्कळदा त्याचे कारण गंज असते.

इतिहास थोडक्यात पुरे. सुरुवातीचे डिस्टॉर्शन हे बिघाडातून आले. अमेरिकेत १९५१ च्या 'रॉकेट ८८' या ध्वनिमुद्रणात नादुरुस्त अँप होता, १९५८ मध्ये लिंक रे या गिटारवादकाने स्पीकरच्या कागदाला भोके पाडली, १९६२ मध्ये माएस्ट्रो कंपनीने तोच बिघाड डबीत भरून विकायला काढला. १९६५ च्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यानंतर ती डबी खपली. आपल्याकडच्या कॉलेज बँडपर्यंत हे आले ते मुख्यतः १९९० च्या दशकात, झूम ५०५ सारख्या यंत्रातून. आपले गिटारवाले अशा यंत्राला अजून 'प्रोसेसर' म्हणतात, आणि तो विकत घेतला की पहिल्यांदा डिस्टॉर्शनचाच नंबर लावून पाहतात.

काय लपते

आता हिशेब. मर्यादा १ मानू. वाजवणाऱ्याने एकाच तारेवर दोन आघात केले, पहिल्याची उंची २० आणि दुसऱ्याची १०. हाताने दुसरा आघात निम्म्या जोराने मारला, म्हणजे ६ डेसिबलचा फरक. क्लीन अँपमध्ये हा फरक जसाच्या तसा बाहेर येतो आणि नवशिक्या श्रोत्यालाही कळतो. डिस्टॉर्शनमध्ये दोन्ही लाटा १ च्या मर्यादेवर आदळतात, आणि बाहेर येताना दोघींची उंची १ च्याच आसपास असते. ६ डेसिबलची चूक जवळपास शून्यावर येते. खाली-वर पिक मारताना वरचा आघात दुबळा पडणे, हा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याचा दोष, इथे गडप होतो.

मोबाइलवर हे डोळ्यांनी पाहता येते. आवाज मुद्रित करताना लाटेचे चित्र दाखवणारे कोणतेही अॅप घ्यावे आणि एकच ओळ दोनदा वाजवावी. क्लीन मुद्रणात प्रत्येक स्वर वेगळा दिसतो: उभा चढणारा काटा आणि मागे निमुळती होत जाणारी शेपटी. काट्यांची उंची कमी-जास्त असते आणि ती बघून कोणते बोट कच्चे आहे ते सांगता येते. डिस्टॉर्शनच्या मुद्रणात काटे नाहीत, शेपट्या नाहीत. सलग काळी पट्टी. मधली फट जिथे आहे तिथेच काय ते कळते.

हाच नियम स्वर लांबवतो. तार दर सेकंदाला ६ डेसिबलने, म्हणजे निम्म्याने, मावळते असे धरू. मर्यादेच्या २० डेसिबल वर असलेला स्वर मर्यादेखाली उतरायला सव्वातीन सेकंदांहून अधिक घेतो, आणि तोवर कानाला तो एकसारखाच ऐकू येतो. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत या पाच मात्रांहून जास्त झाल्या. सतारीवर मिंड घेताना स्वर विझायच्या आत पोहोचण्याची जी घाई असते ती इथे नाही. डाव्या हाताने तार ओढून वर नेणे, तिथे थांबून आंदोलन देणे, सावकाश खाली आणणे, सगळ्याला वेळ मिळतो. पिक न मारता नुसत्या डाव्या बोटांनी ठोकून किंवा ओढून काढलेले स्वरही पिकाच्या स्वरांच्या बरोबरीने ऐकू येतात. १९७८ मध्ये एडी व्हॅन हेलनने दोन्ही हातांनी फळीवर बोटे ठोकून जे जगाला ऐकवले ते क्लीन आवाजातही वाजवता आले असते, पण त्याचा असा एकसंध प्रवाह झाला नसता.

म्हणून 'डिस्टॉर्शन लपवते' हे खरे. काय लपवते हेही नेमके सांगता येते: आघाताचा असमतोल आणि स्वराचे मावळणे. उजव्या हाताच्या ताकदीचा हिशेब माफ होतो.

काय उघडे पडते

याची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. समजा तळहात तारेला घासल्याची खसखस मूळ स्वरापेक्षा ४० डेसिबल खाली आहे, म्हणजे उंचीत शंभरावा हिस्सा. क्लीनमध्ये ती कुणाच्या लक्षातही येत नाही. आता गेन इतका वाढवला की स्वर मर्यादेच्या शंभरपट वर जातो. स्वर १ वर अडकला, आणि त्याच गेनमुळे ती खसखससुद्धा १ पर्यंत पोहोचली. स्वर चालू असेपर्यंत ती दबून राहते; स्वर थांबला की ती स्वराइतक्याच मोठ्या आवाजात उभी राहते. न वाजवलेली तार शेजारच्या तारेच्या थरथरीने हलू लागली, बोट उचलताना तारेला किंचित झटका बसला, पिक तारेवर टेकवताना टिक झाले, तर त्यातले प्रत्येक आता ऐकू येते.

त्यामुळे हाय गेनवरचे निम्मे काम वाजवण्याचे नसते, गप्प ठेवण्याचे असते. उजव्या तळव्याची कड जाड तारांवर टेकलेली, डाव्या तर्जनीचे पोट खालच्या बारीक तारांना अलगद चिकटलेले, तिचे टोक वरच्या तारेला भिडलेले, आणि उरलेल्या जागेत एक तार मोकळी. तार बदलली की ही सगळी मांडणी त्याच क्षणी बदलायची. क्लीनवर वर्षानुवर्षे वाजवलेला चांगला वादक हाय गेनवर पहिल्यांदा हात घालतो तेव्हा तो अडखळतो तो इथे. स्वर सगळे बरोबर, पण मागे मधमाश्यांचे मोहोळ उठलेले.

खोलीतली वीजही यात भर घालते. आपल्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा. एकाच गुंडाळीच्या (सिंगल-कॉइल) पिकअपमध्ये ५०, १०० आणि त्यापुढच्या पटींची घरघर शिरते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५० च्या दशकाच्या मध्यास दोन उलट्या गुंडाळ्या जोडून ती घरघर एकमेकींविरुद्ध रद्द केली. हम्बकर हे त्या पिकअपचे नाव. अर्थिंग धड नसलेल्या खोलीत मात्र हम्बकरसुद्धा पुरता वाचवत नाही. तारांवर हात ठेवला की घरघर कमी आणि उचलला की जास्त, हा अनुभव अनेकांचा असतो. (अशा खोलीत गिटार हातात घेऊन माइकला ओठ लावू नये, एवढे मात्र विवेचन बाजूला ठेवून सांगतो. आधी अर्थिंग तपासून घ्यावे.)

पण सर्वांत निर्दय परीक्षा सुरांची होते. दोन स्वर एकाच वेळी छाटणीत गेले की त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्यासुद्धा बाहेर पडतात. जाड तारेवरचा ८२.४ हर्ट्झचा सा आणि त्याचा पंचम १२३.५. वजाबाकी ४१.१, म्हणजे खालच्या सप्तकातला तोच 'सा'. पंचमाची दुप्पट आणि षड्जाची तिप्पट यांत चार सेकंदांत एखादा हेलकावा येईल एवढाच फरक. सगळे एकमेकांत बसते, आवाज जाड आणि स्थिर होतो. नुसत्या सा-पंचमाच्या या पॉवर कॉर्डचे सगळे रहस्य एवढेच. रॉकवाल्यांना गंधार आवडत नाही म्हणून तो गाळला असे काही नाही.

गंधार घातला की काय होते ते करूनच पाहावे. दुसऱ्या तारेवर दहावा फ्रेट आणि पहिल्या तारेवर नववा, दोन्ही एकदम वाजवा. बाकी तारा तळव्याने बंद. हे स्वर ४४० आणि ५५४.४ हर्ट्झचे, म्हणजे सा आणि शुद्ध गंधार, पण गिटारच्या फ्रेटवरचा गंधार. क्लीनमध्ये जोडी गोड लागते. गेन चढवा, की आत एक खरबरीत थरथर सुरू होते, सेकंदाला सतराच्या आसपास. षड्जाचा पाचवा स्वरांश २२०० वर आणि गंधाराचा चौथा २२१७ च्या पुढे. क्लीनमध्ये दोन्ही दुबळे होते, छाटणीने बळकट झाले आणि आता एकमेकांना भिडतात. शिवाय तळाशी ११४.४ हर्ट्झचा एक वजाबाकीचा स्वर उमटतो. खरा षड्ज ११० वर. हा त्याच्या वर, अर्ध्या स्वराच्या दोन-तृतीयांशाइतका. आता दुसऱ्या तारेवरच्या बोटाने ती तार केसभर ढकला. षड्ज ४४३.५ पर्यंत आला की थरथर मिटते, तळचा स्वर जागेवर येऊन बसतो आणि दोन तारांचा एक आवाज होतो. ढकल फार बारीक असते. जरा जास्त झाली की थरथर परत येते.

मराठी कानाला यात नवे काही नाही. पेटीचा गंधार चढा असतो ही तक्रार आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि त्या हिशेबाने श्रुतींची पेटी बनवण्याचे प्रयत्न झाले, ते याच चौदा सेंटच्या फरकासाठी, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्यासाठी. गावच्या भजनात तो फरक पखवाज-टाळांच्या गजरात विरून जातो. डिस्टॉर्शनमध्ये तो भिंगाखाली येतो. गिटारवाला जे ढकलणे शिकतो ते गवयाला न शिकवता जमते; फक्त गवयाला फ्रेटशी भांडावे लागत नाही.

जवारी, आणि तिचा बेंजोशी संबंध

स्वच्छ, नितळ आवाज म्हणजे सुसंस्कृत आणि खरखरीत म्हणजे दांडगाई, असा एक समज या वादाच्या तळाशी असतो. आपल्याच परंपरेत तो टिकत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात ती कशासाठी? तार रुंद, किंचित फुगीर घोडीला पुन्हा पुन्हा ओझरती शिवावी आणि तिच्यातून वरचे स्वरांश झणझणत निघावेत यासाठीच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर जे टिपण लिहिले त्यात हेच दाखवले. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो तो स्वरांश यंगच्या नियमाप्रमाणे निघायला नको. तंबोऱ्यात तो दणदणीत निघतो. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांतले कारागीर घोडीवर कानस चालवून जे साधतात ते एका अर्थाने नियंत्रित विकृतीच असते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्यात या जवारीच्या कामाचा वाटा मोठा आहे असे मी मानतो.

मात्र जवारी आणि डिस्टॉर्शन एकच, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही, आणि हल्ली हे म्हणण्याची फॅशन आहे. जवारी प्रत्येक तारेवर स्वतंत्रपणे काम करते. पंचमाची तार आपल्या जागी झणझणते, षड्जाची आपल्या, आणि मग दोन आवाज हवेत मिसळतात. डिस्टॉर्शनमध्ये सहा तारा आधी एकाच वायरीत मिसळतात आणि मग सगळ्यांचे माथे एकत्र छाटले जातात. बेरीज-वजाबाकीचे भूत इथेच जन्मते. तंबोऱ्यात ते नाही, म्हणून तंबोरा चारही तारा मोकळ्या सोडू शकतो आणि हाय गेनची गिटार सोडू शकत नाही.

रस्त्यावरचा बेंजो या दोघांच्या मध्ये उभा आहे. जपानात नागोयाला १९१२ मध्ये तयार झालेले ताइशोगोतो हे टाइपरायटरच्या कळांचे वाद्य आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून आले, त्याला पिकअप बसला, आणि मुंबई-कोकणापासून घाटावर वराती-मिरवणुकांत ते 'बेंजो' म्हणून वाजू लागले. कोळीगीतांची चाल बेंजोवर जशी उठते तशी दुसऱ्या कशावर उठत नाही. चैत्रात कार्ल्याच्या एकविरेला आगरी-कोळी मंडळी येतात तेव्हाच्या चालीही त्याच घराण्यातल्या. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही काढला. मिरवणुकीच्या गाडीवरचा अँप आणि कर्णे क्षमतेच्या टोकाला चालवले जातात, त्यामुळे बेंजोचा आवाज बहुधा फाटलेलाच ऐकू येतो. तरी तो गोंधळत नाही, आणि त्याचे कारण वरच्या हिशेबात आहे. चालीच्या तारा एकाच सुरात किंवा सप्तकाच्या अंतराने लावलेल्या. कळ दाबली की त्या एकत्र बदलतात. वजाबाकी करायला बेसूर जोडीच नाही. स्वर कळेने ठरवून दिलेला, म्हणून डाव्या हाताची सुरांची परीक्षाही माफ. उरतो उजवा हात: ताशाच्या लयीत पिक किती दाणेदार पडते. बेंजोवाल्याची पारख मिरवणुकीतले लोक एवढ्यावरच करतात, आणि ती बरोबर करतात.

क्लीन किती क्लीन

दुसऱ्या पक्षाचीही झडती घ्यायला हवी. ध्वनिमुद्रणात ज्याला आपण क्लीन म्हणतो त्यात पुष्कळदा कॉम्प्रेसर असतो. तो माथे छाटत नाही. मोठा आवाज हळूच दाबतो आणि लहान वर उचलतो. लाटेचा आकार टिकतो, पण आघाताचा असमतोल तोही झाकतो, शेपटी तोही लांबवतो. वर थोडा रिव्हर्ब घातला की बोट लवकर उचलल्याची चूक गुंजनात बुडते. मोबाइलवरच्या अनेक अॅपांत 'क्लीन' नावाच्या पर्यायामागे हे दोन्ही न सांगता लावलेले असतात. मी क्लीनवर रियाज करतो असे सांगणाऱ्या मुलाला म्हणून आधी विचारावे: कॉम्प्रेसर बंद केला आहेस का?

कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब काढलेला क्लीन आवाज मात्र खरोखर कठोर असतो. सातव्या-नवव्या स्वरांचे भरगच्च कॉर्ड तिथेच शोभतात, कारण बेरीज-वजाबाकी होत नाही; पण कॉर्डमधला एक स्वर जरा जड पडला की तोल जातो. आघाताची वेळही उघडी पडते, कारण प्रत्येक स्वराला टोकदार सुरुवात असते आणि पाव मात्रेची ओढाताण तिथे दिसते.

दोन्ही बाजू एकाच हातात असू शकतात याचे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. जॉन मॅक्लॉफ्लिनने १९७१ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रात भन्नाट ओव्हरड्राइव्हवर वाजवले आणि चार वर्षांत झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती'त अकूस्टिक गिटार घेतली, आडव्या तरफेच्या तारा बसवलेली. उजव्या हाताचे प्रत्येक स्वराला पिक मारण्याचे वळण तेच राहिले. पहिल्या वाद्यात ते वळण नसते तरी एकवेळ चालले असते, डिस्टॉर्शनने सांभाळून घेतले असते. दुसऱ्यात विनायकरामांच्या घटमच्या बोलांसमोर त्याशिवाय एक आवर्तनही निभले नसते.

काठावर

माझ्या मते सर्वांत अवघड जागा या दोन्ही टोकांना नाही. ती मर्यादेच्या काठावर आहे. अँप असा लावायचा की हलका आघात मर्यादेखाली राहील आणि जोरकस आघात वर जाईल. मग हाताचा जोर केवळ आवाज ठरवत नाही, आवाजाची जात ठरवतो. एकाच ओळीत तीन स्वर नितळ आणि चौथा फाटलेला. इथे आघाताचा असमतोल क्लीनपेक्षाही जास्त दिसतो, कारण चुकून पडलेल्या जोराने नुसता स्वर मोठा होत नाही, त्याचा रंगच बदलतो. आणि काठ ओलांडला की गप्प ठेवण्याची, सुराची, सगळी हाय गेनची कलमे लागू होतात. ब्लूजवाले आणि हेन्ड्रिक्ससारखे लोक गिटारवरची व्हॉल्यूमची कळ करंगळीने फिरवत राहतात ते हा काठ सरकवण्यासाठी. आपली मुले ती कळ दहावर ठेवतात आणि विसरतात. पेडल पायाखाली असल्यावर करंगळीची आठवण कशाला येईल?

वादकाची परीक्षा घ्यायचीच असेल तर एकच सोळा मात्रांची ओळ तीनदा वाजवून घ्यावी. पहिल्यांदा कॉम्प्रेसर-रिव्हर्बशिवाय क्लीन; इथे स्वरांची उंची आणि वेळ ऐकावी. दुसऱ्यांदा हाय गेनवर, विरामातली खरखर आपोआप कापणारा नॉइज गेट बंद ठेवून. इथे स्वर ऐकूच नयेत, विराम ऐकावेत, कारण चूक विरामात राहते. तिसऱ्यांदा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणि पहिल्या मात्रेपासून सोळाव्यापर्यंत नुसत्या हाताने आवाज चढवत. तीन वेगळ्या रकान्यांत तीन गुण. त्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही: लग्नाच्या ऑर्केस्ट्राला पहिल्या रकान्याचा माणूस हवा, मेटल बँडला दुसऱ्याचा.

चौथा एक रकाना वराळ्याच्या खोलीत भरताच येत नाही. अँप पुरेसा मोठा असेल तर स्पीकरमधली हवा तारेला हलवते, तार पुन्हा पिकअपमध्ये वीज तयार करते, आणि स्वर विझेनासा होतो. एक पाऊल पुढे-मागे झाले की तोच स्वर सप्तकभर वर उडी मारतो. हा फीडबॅक ताब्यात ठेवणे ही डिस्टॉर्शनची स्वतःची विद्या आहे, क्लीनमध्ये तिला फारशी जागा नाही. हेडफोनमध्ये हवा आणि तार यांची भेटच होत नाही, म्हणून चार वर्षे हेडफोनवर सफाईने वाजवणारा मुलगा कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजवर चढतो आणि पहिल्याच लांब स्वराला गिटार किंचाळते. तो गेन कमी करतो, साउंडवाला मॉनिटर कमी करतो, आणि गाणे बिचकत पुढे जाते. त्यापेक्षा साउंडचेकची दहा मिनिटे मागून घ्यावीत, गाणे न वाजवता एकच स्वर धरावा, आणि स्टेजवर कुठे उभे राहिले की तो ओरडतो आणि कुठे गातो, त्या जागांवर खडूने खुणा करून ठेवाव्यात.